तेवीस टक्क्यांचं ताट

वाळवेढ्यात रक्ततपासणीचे आकडे कागदावर येत नाहीत. ते दुपारच्या एसटीने स्वतः येतात आणि पेशंटच्या घरी उतरतात. यात काही वावगं आहे असं गावात कुणाला वाटत नाही. सकाळी रक्त जिल्ह्याच्या लॅबमध्ये जातं, तिथं त्याचे आकडे निघतात, आकडे पिशवी घेऊन स्टँडवर येतात आणि कंडक्टर त्यांच्याकडे तिकीटही मागत नाही. मग ते पत्ता विचारत दारात येऊन उभे राहतात. जो आकडा जिथं असायला हवा तिथंच असतो, तो उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्या पाणी पितो आणि "येतो" म्हणून चालता होतो. जो जास्त किंवा कमी असतो तो चपला काढून आत येतो, आणि पुढचा आकडा येऊन चार्ज घेईपर्यंत मुक्काम करतो.

दिनकर सुपेकर आचारी, म्हणजे अण्णा, यांच्याकडे त्या दुपारी चौघं आले.

अण्णा आजारी पडले ते आपल्याच गुणांमुळे, असं त्यांच्या बायकोचं, कौसल्याबाईंचं, स्पष्ट मत होतं. मे महिन्याचं ऊन, मोठं लग्न, तीन भट्ट्या पेटलेल्या. हजार माणसांच्या पाण्याची सोय बघणारा हा गृहस्थ, स्वतः पेलाभर प्यायला म्हणाल तर शपथ. घरी आले ते जुलाब-उलट्या घेऊनच. त्यात गुडघेदुखीची गोळी चालू, कारण ती घेतल्याशिवाय उभं राहवत नाही; आणि बीपीची गोळीही चालू, कारण ती चुकवायची नाही असं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. पोटात अन्नपाणी टिकेना, गोळ्या मात्र वेळच्या वेळी. लघवी चमचाभर व्हायला लागली, तीही काढ्यासारखी. तेव्हा कौसल्याबाईंनी त्यांना दंडाला धरून डॉक्टर हेब्बाळकरबाईंच्या दवाखान्यात नेलं, आणि बाईंनी रक्त काढलं.

तर चौघं आले. पहिलं पोटॅशियम. ते चार पॉइंट आठ होतं, म्हणजे शहाणं. उंबऱ्याबाहेरच थांबलं. कौसल्याबाईंनी त्याला तांब्या दिला आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवला. नीट असलेल्या आकड्याला गावात कुणी गूळ देत नाही, पाणी दिलं तरी पुष्कळ. लोकांचं लक्ष आत येणाऱ्यांकडे असतं. पण बिनगुळाचं पाणी द्यायला कौसल्याबाईंचा हात कधीच पुढे झाला नव्हता. पोटॅशियम गूळ चघळत निघून गेलं. दुसरा युरिया, एकशे चार, ताडमाड, तोंडात पान. तो ओट्यावरच बसला आणि उन्हाला नावं ठेवू लागला. तिसरा क्रिएटिनिन, तीन पॉइंट एक. तो आत आला, अवघडून खुर्चीच्या कडेला टेकला आणि म्हणाला की त्रासाबद्दल माफ करा.

चौथा मात्र वळकटी घेऊन आला होता. शिवाय ट्रंक.

त्याचं पूर्ण नाव ई-जीएफआर, किडन्या किती काम करतात त्याचा अंदाज सांगणारा, पण सगळे त्याला तेवीस टक्के म्हणत. टोपी कडक, आवाज त्याहून कडक. त्याने घरभर नजर फिरवली, मागची खोली उघडून पाहिली, तिथली अण्णांची भांडी एका बाजूला सारायला लावली आणि वळकटी सोडली. कौसल्याबाईंनी विचारलं, किती दिवस मुक्काम. तो म्हणाला की त्याच्या आकड्याची माणसं कायमचीच राहतात. यजमानांच्या किडन्या तेवीस टक्क्यांवर आल्या आहेत, आता हे घर कायमच्या किडनीविकाराच्या चौथ्या पायरीचं, आणि आचाऱ्याचं काम वगैरे विसरलेलं बरं. हे सगळं त्याने अण्णांच्या खाटेशी उभं राहून सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं.

खरं तर डॉक्टरबाईंनी सकाळीच सगळं सांगितलं होतं. गुडघ्याची गोळी बंद. बीपीची गोळी त्या सांगतील तोवर थांबवायची, आणि परत कधी सुरू करायची तेही त्याच सांगतील. रोज सकाळी दवाखान्यात सलाईन, लघवी मापाच्या भांड्यात. सोनोग्राफीही झाली होती आणि तिच्यात काही अडलेलं निघालं नव्हतं. पण अण्णांच्या कानात ते काही शिरलंच नाही. दुपारी दवाखान्यातून घरी येऊन पडायचे, आणि मागच्या खोलीतून तेवीस टक्क्यांचं खोकणं ऐकत बसायचे.

आणि त्यात भावजींनी घोळ घातला. अरविंदभावजी म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच दारात राहणारे, मनाने साखर, पण पाहुणा दिसला की डोकं गहाण. घरात मोठा माणूस आलाय, कायमचा आलाय, आणि तो परक्या ताटात जेवतोय हे त्यांना बघवेना. ते बाजारपेठेत गेले, चांगलं जाड स्टीलचं ताट घेतलं आणि दुकानदाराकडून त्यावर मशीनने नाव घालून आणलं: तेवीस टक्के यांस सप्रेम भेट, अरविंद सुपेकर.

आता वाळवेढ्यात ताटावर नाव म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ज्याचं नाव घरातल्या ताटावर आहे त्याला घराबाहेर काढता येत नाही. सासऱ्याला नाही, रुसलेल्या आत्येला नाही, कुणालाच नाही. तेवीस टक्क्यांनी ताट उजेडात धरून अक्षरं वाचली, मान डोलावली आणि त्या रात्री दोनदा भात मागितला.

"भावजी, मला विचारायचं तरी," कौसल्याबाई म्हणाल्या.

भावजींचा चेहरा एवढासा झाला. त्यांना वाटलं होतं वहिनी खूश होतील.

दुसऱ्या तपासणीला तीन पॉइंट चार आला. तीन पॉइंट एकने उठून त्याला खुर्ची दिली, चार्ज दिला-घेतला असं दोघांनी एकमेकांना म्हटलं, आणि जुना पिशवी उचलून निघून गेला. नवा चांगलाच अंगापिंडाने होता, खुर्ची कुरकुरली. तेवीस टक्के दारात उभा राहून म्हणाला, बघा, वाढतोय. कौसल्याबाई हातातलं काम टाकून उठल्या. अण्णांनी मात्र शांतपणे भावाला हाक मारली आणि कोपऱ्यात उभं केलेलं उलथणं घेऊन जायला सांगितलं.

हे उलथणं म्हणजे पुरुषभर उंचीचं, लोखंडी, दांड्याला हाताच्या घामाने काळी झिलई आलेली. त्याच उलथण्याने अण्णा दरवर्षी गावदेवी मरगुबाईच्या भंडाऱ्याची हुग्गी ढवळत. गव्हाची खीर ती, पहाटेपासून ढवळावी लागते, क्षणभर हात थांबला की तळाला लागते. भंडारा पुढच्या पंधरवड्यात होता. भावजी उलथणं घेऊन गेले, आणि अंगणात जाऊन रडले. कौसल्याबाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता. नवऱ्याचं दुखणं त्यांनी सोसलं असतं, पण हा माणूस जिवंतपणी स्वतःची आवरासावर करतोय हे त्यांना सोसवेना. अण्णा परत भट्टीशी उभे राहिलेले त्यांना बघायचे होते, बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

त्या तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टर हेब्बाळकरबाई मापाचं भांडं उजेडात धरून बघत होत्या आणि चक्क हसत होत्या. लघवी वाढली होती, रंग उतरला होता.

"मग तो क्रिएटिनिन वाढला कसा?" कौसल्याबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या की क्रिएटिनिन नेहमी मागून येतो. किडन्या कामाला लागल्या तरी आधीचा साठलेला माल उपसायला वेळ लागतो, तोवर आकडा कालचीच बातमी सांगतो. कौसल्याबाईंनी घरी येऊन हे तीन पॉइंट चारलाच विचारलं. त्याने खाली मान घालून कबूल केलं की खरं आहे, मी निघालो तेव्हाच इथली हवा बदलली होती, पण रस्त्यात थोडंच परत फिरता येतं.

तेवीस टक्क्यांबद्दल विचारल्यावर मात्र डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली होती. त्यांनी त्याला बोलावलंच नव्हतं. लॅबवाले क्रिएटिनिन निघाला की त्याच्या पाठोपाठ हा आपणहून पाठवतात, सवयच आहे त्यांची. पुढच्या वेळी पाठवू नका असं त्यांनी लॅबला कळवलं होतं, आणि म्हणूनच त्याचा चार्ज घ्यायला कुणी आलं नव्हतं. कायमचं राहायचा हक्क सांगायला तीन महिने तरी तसेच आकडे दिसावे लागतात. पण तो म्हणणार, मी आधीपासून इथंच होतो, तुमच्या लक्षात आलं नाही. ते खोटं पाडायला आजाराच्या आधीचा क्रिएटिनिन हवा. आहे का कुणी?

कौसल्याबाई विचारात पडल्या. मग एकदम आठवलं. गेल्या दिवाळीत अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तपासणी झाली होती. एक सडपातळ आकडा आला होता, उंबऱ्याबाहेर उभा राहिला होता. त्याने काय सांगितलं ते कुणीच ऐकलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतं. पाणी प्याला आणि गेला.

मोकळे झालेले आकडे तांबेवाडीत राहतात. एसटीच्या वाटेवरच पडतं, वाळवेढ्याच्या अलीकडे. कौसल्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तिथं उतरल्या. पारावर जुनी कोलेस्टेरॉलं पत्ते खेळत होती. उपाशीपोटीच्या एका साखरेने चहाची टपरी टाकली होती, ती दोनशे दहा असल्यामुळे चहा फार गोड करत होती. त्यांनी दिनकर सुपेकरांचा दिवाळीचा क्रिएटिनिन कुठं राहतो असं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. नीट असलेल्या आकड्यांची नावं तिथंही कुणाला ठाऊक नसतात. तीन पॉइंट एक तेवढा पुढे आला, त्याने आदल्या रात्रीच त्याच्याशी ओळख काढली होती, आणि तो त्यांना भुईमुगाच्या वावराकडे घेऊन गेला.

एक पॉइंट एक शेंगा उपटत होता. त्याने हात झटकले आणि कौसल्याबाईंकडे बघितलं.

"तुम्ही गूळ दिला होता," तो म्हणाला. "पाण्याबरोबर."

 कौसल्याबाईंनी पदराने डोळे टिपले आणि मग सगळं सांगितलं. त्याने मध्येच अडवून एकच गोष्ट विचारली, साहेबांची तब्येत आता कशी. मग तो घरात जाऊन धुतलेला सदरा घालून आला.

दुपारच्या एसटीत ते चढले, तेव्हा खिडकीशी आणखी एक जण बसला होता, तोंडवळा ओळखीचा. दोन पॉइंट दोन. त्या दिवशी सकाळच्या रक्तातून निघालेला. कौसल्याबाईंनी त्याचा आकडा विचारला, त्याने सांगितला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. घरापर्यंत त्या दोघांच्या मध्ये बसून आल्या.

डॉक्टरबाई आधीच पडवीत येऊन बसल्या होत्या. भावजी खांबाला टेकून उभे होते. अण्णा आतल्या खाटेवर, दार उघडं. तीन पॉइंट चारने दोन पॉइंट दोनला खुर्ची दिली, चार्ज दिला, घेतला, आणि हलक्या पावलांनी गेला. ओट्यावरच्या युरियाचा चार्ज घेणाराही त्याच गाडीने आला होता, जुना पिंक टाकून उठला. तेवीस टक्के मागच्या खोलीतून आला, हातात ताट घेऊनच.

त्याने आपली बाजू मांडली, आणि न्यायाने सांगायचं तर चांगली मांडली. वय चोपन्न. क्रिएटिनिन तीन पॉइंट एक. या दोहोंतून तेवीसच निघतात, साडेतेवीस नाहीत की बावीस नाहीत. हिशेब चुकला असेल तर दाखवून द्यावा.

"हिशेब बरोबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण क्रिएटिनिन एका जागी बसलेला असला तरच तुम्हाला धरायचं असतं. हा आज वर, उद्या खाली. काहिलीत आधण उसळत असताना काठी बुडवून पाणी मोजलं, तर आकडा मिळेल. त्या आकड्यावर तांदूळ कोण टाकेल?"

"कुणी नाही टाकणार," आतून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. अण्णा खाटेवर उठून बसले होते. कितीतरी दिवसांत त्यांच्या आवाजात असा जोर नव्हता.

तेवीस टक्के डगमगला नाही. तो म्हणाला की आधणाचं सोडा, आपण आधीपासूनच या घरात आहोत, वर्षभर, कदाचित दोन वर्षं, फक्त कुणी रक्त काढलं नाही म्हणून दिसलो नाही. नव्हतो याला कोण साक्षीदार आहे?

एक पॉइंट एक अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. आत यायची त्याला सवय नव्हती.

"मी आहे," तो म्हणाला. "गेल्या दिवाळीला मी इथंच आलो होतो. घरात मुक्कामाला कुणी आकडा नव्हता. उंबऱ्यावरून मागच्या खोलीतली भांडी दिसत होती."

 तेवीस टक्क्यांनी साक्षीदाराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खुर्चीतल्या दोन पॉइंट दोनकडे बघितलं, तो ओशाळून म्हणाला की मीही फार दिवस बसेन असं वाटत नाही. ज्याच्या जिवावर तेवीस टक्के निघाला होता तो तीन पॉइंट एक तर तांबेवाडीत शेंगा सोलत होता. शेवटी त्याने हातातलं ताट पुढे धरलं. नाव घातलंय, तो म्हणाला. या गावाचा रिवाज आहे.

भावजींनी डोळे मिटून घेतले.

कौसल्याबाईंनी ताट हातात घेतलं. चष्मा लावून अक्षरं वाचली, सावकाश, पुन्हा एकदा. मग ताट पदराने स्वच्छ पुसलं आणि त्याच्याच हातात परत दिलं.

"घरातल्या ताटावर घरातल्या माणसाचं नाव असतं, नुसतं नाव," त्या म्हणाल्या. "यावर सप्रेम भेट लिहिलंय. भेट पाहुण्याला देतात. पाहुणा ती घेऊन जातो."

तेवीस टक्क्यांनी ताट बघितलं, भावजींना बघितलं, आणि डॉक्टरबाईंना बघितलं. बाई म्हणाल्या, रिवाज तसाच आहे खरा.  नियमाचा माणूस होता, नियमाने हरला. तो मागच्या खोलीत गेला, वळकटी बांधली, ट्रंक उचलली आणि ताट काखोटीला मारून उंबऱ्याबाहेर आला. कौसल्याबाई दारात उभ्या राहिल्या.

"बरंय, येतो," तो म्हणाला.

"येतो नाही," कौसल्याबाई म्हणाल्या. "जातो म्हणा."

असं कुणी कुणाला म्हणत नाही. अख्ख्या वाळवेढ्यात दारातून निघणाऱ्याच्या तोंडून ते अक्षर कधी कुणी काढून घेतलं नव्हतं. तेवीस टक्क्यांनी ट्रंक खाली टेकवली. मग टोपी सारखी करून "जातो" म्हणाला, आणि गेला. त्याच्या ट्रंकेचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

आतून अण्णांनी विचारलं, अरविंदा, माझं उलथणं कुठं टाकलंस. भावजी धावले ते चप्पल न घालताच.

पुढचं सगळं भराभर झालं. दोन पॉइंट दोनचा चार्ज एक पॉइंट सहाने घेतला, तो बसला तेवढ्यात उठला. सलाईन निघालं. डॉक्टरबाईंनी बीपीची गोळी त्यांच्या हिशेबाने परत सुरू केली, आणि गुडघ्याची गोळी मात्र विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही अशी तंबी दिली. ती अण्णांनी ऐकली, कारण ती कौसल्याबाईंसमोर दिली होती.

मरगुबाईच्या भंडाऱ्याला पहाटेच काहिली चढल्या. अण्णांनी उलथणं हातात घेतलं, भावजी दुसऱ्या टोकाला. गहू शिजल्याचा वास देवळापासून स्टँडपर्यंत पसरला. कौसल्याबाई भट्टीपासून दोन हातांवर पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या होत्या, आणि मधून मधून नुसत्या खाकरायच्या, की अण्णा मुकाट्याने पेला तोंडाला लावायचे. लोक हसत होते, त्यांना हसू देत होत्या. त्यांचं मन इतकं भरून आलं होतं की रात्र जागून काढल्याचा शीणही कुठं जाणवत नव्हता. गूळ पडला, हुग्गीला तांबूस रंग चढला, अण्णांनी उलथण्याच्या टोकावरची धार बघितली आणि जोरात ओरडून पंगत बसवायला सांगितलं. त्या आवाजाने देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली.

पहिली पंगत उठत असताना दुपारची एसटी आली. तिच्यातून दोघं उतरले आणि घरी कुलूप बघून विचारत विचारत देवळाकडे आले. एक क्रिएटिनिन, एक पॉइंट दोन. दुसरा ई-जीएफआर, पण वळकटी नाही, ट्रंक नाही, हातात साधी छत्री. बहात्तर, त्याने नम्रपणे सांगितलं. आता आधण थांबलंय, म्हणून डॉक्टरबाईंनीच यायला सांगितलं. मांडवाच्या कडेला दोघं उभे राहिले. माणसांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, सगळ्यांचं लक्ष हुग्गीकडे.

कौसल्याबाईंनी दोघांना पाणी दिलं, प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. मग द्रोण भरून हुग्गी दिली, तीही उभ्याउभ्या खाल्ली त्यांनी. तांबेवाडीत कुठं राहायचं ठरवलंय, कौसल्याबाईंनी विचारलं. एक पॉइंट दोन गोंधळला, त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. भुईमुगाच्या वावराशेजारी एक खोली रिकामी आहे म्हणतात, तो म्हणाला. कौसल्याबाईंनी ते दोनदा पुटपुटून पाठ केलं.

त्याने द्रोण टाकला, हात धुतले आणि पिशवी खांद्याला लावली.

"येतो," तो म्हणाला.

"या," कौसल्याबाई म्हणाल्या.